हा वाटा कोणाचा?

पुस्तकलाचा ताप उतरतो आहे, पण झोप काही येत नाही. अशा वेळी माणूस मध्येच कुठेतरी लोंबकळत राहतं, धड जागं नाही, धड निजलेलं नाही. दुपार कलली आहे. कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा तुकडा तिच्या पायांवरून भिंतीकडे सरकतो आहे. ओसरीवर तिचा नवरा दुधराम फोनवर बोलतो आहे. त्याचा आवाज कधी अगदी उशाशी येतो, तर कधी तलावाच्या पलीकडच्या काठावर जातो.

पुस्तकला हे नाव बापानं हौसेनं ठेवलेलं. शाळा मात्र चौथीत सुटली, कारण घरात जाळी विणायला हात कमी पडत होते. ‘पुस्तकलाबाई पुस्तक नाही, पाणी वाचतात’ असं परवा एका पाहुण्यानं भाषणात म्हटलं, तेव्हा बाई स्टेजवरच तोंड वाकडं करून बसली. पाणी वाचता येत नाही, पाणी नुसतं बघावं लागतं, असं तिचं म्हणणं. गोड बोललेलं तिला सहसा पचत नाही.

हिरडटोल्याचा मोठा तलाव ढिवरांनी, म्हणजे तिथल्या मासेमारांनी, पिढ्यानपिढ्या राखला. मग एका ठेकेदारानं कागदावरच्याच एका मच्छीमार संस्थेच्या नावानं तो ठेक्यानं घेतला, आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी तलावाचा गाळ उपसला त्यांनाच पाण्यात उतरायची बंदी झाली. पुरुष मजुरीला परगावी गेले. बाया तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धरणं धरून बसल्या. त्यांची म्होरकी होती रायवंताबाई शेंडे. ती गेल्या साली वारली आणि तिच्या जागेवर पुस्तकला बसली. आता ठेक्याची मुदत संपत आली आहे. तलाव गावच्या संस्थेला परत मिळेल अशी चिन्हं आहेत, आणि नेमकी म्हणूनच एक काळी मोटरसायकल पुस्तकलाच्या मागे लागली आहे. ती बाजाराला गेली की मोटरसायकल बाजाराला, ती तहसीलला गेली की मोटरसायकल तहसीलला. मागच्या महिन्यात अंगणात वाळत घातलेलं तिचं जाळं कुणीतरी पेटवून दिलं. तेव्हापासून तिचं डोकं ठणकतं ते थांबत नाही, आणि झोपेचं तर नावच नाही.

आज नागपूरहून वसुधाताई येणार आहेत. गावोगावच्या लढणाऱ्या माणसांच्या जिवासाठी आणि तब्येतीसाठी पैसा उभा करणारा एक निधी आहे, त्याचं काम त्या पाहतात. मोर्च्याला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, फलकाला देणारे त्याहून जास्त. हे लोक वेगळंच बोलतात. पुस्तकलाच्या घराला धड दरवाजा, पाळीच्या वाटेवर दिवे, तालुक्याला जाताना सोबतीला माणूस, वकील, डोक्याची नीट तपासणी, आणि महिनाभर सक्तीचा विसावा. विसाव्यात तिचं काम दुसरी बाई सांभाळणार आणि पुस्तकलाची बुडालेली रोजी निधी देणार. एवढं सगळं तिच्या एका होकारावर अडलं आहे.

पुस्तकलानं नकार द्यायचं कालच ठरवून टाकलं आहे.

“ताई निघाल्या म्हन्ते,” दुधराम दारातून वाकून सांगतो. “का सांगू त्याईले?”

“येऊ द्या जी. नाई म्हनाचंच हाये, तर तोंडावर म्हनीन.”

दुधरामची सावली दारातून बाजूला होते आणि पुस्तकलाच्या पापण्या मिटतात.

कुणीतरी तिच्या पायाचा अंगठा धरून ओढतं.

हे ओढणं तिला ओळखीचं आहे. पहाटे पाण्यात उतरायचं असलं की एकच बाई अशी घरोघरी फिरायची, आणि हाक न मारता, कडी न वाजवता, अंगठा ओढून उठवायची. पुस्तकला डोळे उघडते. खाटेच्या पायथ्याशी रायवंता बसली आहे. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, केसांत पाण्याचे थेंब. मेलेलं माणूस आलं की आधी त्याचे पाय बघावेत म्हणतात. पुस्तकलाही बघते, पण पाय उलटे आहेत का हे बघायला नव्हे. तिला उजवं पाऊल बघायचं असतं. ते धडधाकट आहे. पाची बोटं जागच्या जागी आहेत, नखांत गाळ आहे.

“तुहा पाय बरा झाला वं काकू,” ती म्हणते.

“मेल्याशिवाय सरग दिसत नाई म्हनतात,” रायवंता म्हणते. “मी पाह्यला. पाय देतात चांगले, पन तलाव नाई तिथं. करमत नाई मले.”

पुस्तकलाला हसू येतं आणि हसता हसता तिच्या लक्षात येतं की खाट घरात नाही. खाट पाळीवर आहे. दोन्ही बाजूंना पाणी आहे, खरं तर एकाच बाजूला असायला हवं. वर ऊनही नाही आणि ढगही नाहीत. पाण्यावर ठेकेदारानं हद्द आखायला सोडलेली पिवळी पिंपं तरंगत नाहीत, एकही नाही.

“चाल,” रायवंता म्हणते.

“कुठी?”

“जिथं मी तुह्यापासून लपवलं तिथं.”

त्या दोघी चालू लागतात. पाळ नेहमीसारखीच आहे, बाभळी, मुंग्यांची वारुळं, मधेच उखडलेला दगड, आणि त्या दगडावरून पाय उचलला तर तो तहसील कचेरीच्या व्हरांड्यात पडतो. व्हरांड्यात घोटाभर पाणी आहे. बाकांवर टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया ओळीनं बसल्या आहेत, प्रत्येकीच्या मांडीवर कागदांची पिशवी, सगळ्या बसल्या बसल्या झोपलेल्या. पंखा फिरतो आहे. साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल आहे, साहेब नाही. हे मात्र स्वप्नातलं नव्हे, हे रोजचंच.

“या बाकावर बसली होती मी,” रायवंता कोपऱ्यातल्या बाकावर हात ठेवते. “पायात काच गेल्याले पंधरवडा झाला होता. ठेकेदाराच्या लोकायनं उथळ पान्यात बाटल्या फोडून टाकल्या होत्या, तुले ठावं हाये. तू बाजूलेच बसली होती. मी पाय पिशवीमागं लपवला.”

“वास येत होता,” पुस्तकला म्हणते. “मले वाटलं, कचेरीचाच वास हाये.”

“तसाच हाये तो बी.” रायवंता खर्रा थुंकायला जागा शोधते आणि पाणी बघून गिळून टाकते. “डॉक्टर म्हने साखर हाये, पाय कापा लागते, नागपूरले चला. पैसा होता. वर्गनी होती संस्थेची. मी म्हटलं, वर्गनी तलावाची हाये, पायाची नाई.”

“बरोबरच बोलली तू.”

रायवंता तिच्याकडे बघते. ती जिवंत होती तेव्हा कुणी जाळ्याला वाकडी गाठ मारली तर अशीच बघायची. मग पाण्यातून पुढे चालू लागते. पुस्तकला मागे जाते. पाणी आटत जातं, पायाखाली सतरंजी लागते.

हे समाजमंदिर आहे. माणसं भरलेली आहेत. भिंतीवर हार घातलेली चौकट आहे, आत फोटो नाही, नुसतं लाकूड. रायवंता पहिल्या रांगेत जाऊन, गुडघे वर घेऊन बसते. पुस्तकलाच्या हातात माईक आहे. तिला कळतं, ही रायवंताची शोकसभा आहे, आणि तिला हेही कळतं की आपण आता काय बोलणार आहोत. तोंड दाबून धरलं तरी शब्द बाहेर येतात.

“रायवंताकाकूनं आंदोलनाचा एक पैसा कधी सोतावर खर्च केला नाई,” माईक म्हणतो. तिचाच आवाज, पण भोंग्यातून आलेला. “मरनाच्या दारात होती, तरी नाई. अशी बाई पुन्हा होने नाई.”

टाळ्या पडतात. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, पण त्या दिवशी खरंच वाजल्या होत्या. पुस्तकलाला तेव्हा भरून आलं होतं. आताही येतं.

पहिल्या रांगेत रायवंता टाळी वाजवत नाही. ती उठते, सतरंजीवरून ठसठशीत पावलं टाकत येते आणि माईक हिसकावून घेते.

“पुस्ता, मले काचेनं नाई मारलं,” ती म्हणते. “साखरेनं बी नाई. या वाक्यानं मारलं. मी जिती असताना तुमी सारे हेच म्हनत होता. काकू एक पैसा घेत नाई, काकू एक पैसा घेत नाई. आता घेतला असता तर तुमचं तोंड कसं पाह्यलं असतं मी? मले गोड लागलं ते. माह्या पायापेक्षा गोड लागलं.”

सभा ऐकत बसली आहे. कुणाचंच तोंड दिसत नाही, सगळे पाठमोरे आहेत.

“अन् तू आता तेच वाक्य आपल्यासाठी शिवून घेऊन राह्यली,” रायवंता म्हणते. “माप बी घेऊन झालं म्हन्तात.”

पुस्तकलाचा राग उसळतो. तापातही उसळतो. “मंग का करू? तुलेच पाहून शिकली मी. उद्या मी दरवाजा बसवला तर टोला म्हनेल, लढा तलावाचा अन् सागवान पुस्तकलाच्या घरी. महिनाभर घरी बसली अन् पैसे घेतले तर म्हनतील, पुढारीन झाली, खाऊ लागली. ठेकेदार तर हेच शोधून राह्यला. तलाव हाती येऊन राह्यला, अन् माह्या डोक्याच्या दुखन्यापायी तो जावा?”

ती बोलते ते खोटं नाही. जिभेला हाड नसतं, आणि टोल्यातल्या जिभांना तर काहीच नसतं. हिरडटोल्यात पुढाऱ्याची अब्रू मातीच्या मडक्यासारखी, एक टिचकी पुरते. रायवंताला हे ठाऊक आहे. ती मान हलवते.

“खरं हाये. पन तू गेली तर तलाव कोन राखंल? घरी बसल्या बसल्या जवाब नाई भेटनार. चाल, वाटे पाडू. भात थंडा होते लोकायचा.”

समाजमंदिराची सतरंजी ओली आहे. ती सतरंजी नाही, गवत आहे. पाळीवरचं सपाट गवत, जिथे जाळं ओढून आणल्यावर मासळीचे वाटे पाडतात.

ढिवरांची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून ठेवतो. मासळी आली की सारखे सारखे ढीग लावायचे, पाळीवर, उघड्यावर, सगळ्यांदेखत. मग एकानं ढिगांकडे पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर हात ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठ फिरवलेला न बघता नाव घेईल त्याचा तो वाटा. मोठा मासा कुणाच्या ढिगात गेला यावरून मग भांडण होत नाही, कारण ढीग बघूनच कुणी नाव घेतलं नाही. शेवटल्या ढिगाचं नाव निघेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आणि माणसांच्या आधी दोन वाटे ठरलेले असतात, एक डोंग्याचा आणि एक जाळ्याचा. डोंगा म्हणजे त्यांची लाकडी नाव. त्या वाट्यांतून डोंग्याला डांबर लागतं, जाळ्याला सूत येतं.

आज पुस्तकला पाठ करून उभी आहे. समोर पाणी, मागे ढीग. बाया, म्हातारे, पोरं, सगळा टोला गोल करून उभा आहे. मागून मासळीचा ओला, थंड वास येतो. इतकी मासळी मोठ्या तलावातून निघालेली तिनं कैक वर्षांत बघितली नाही.

“हा कोनाचा?” मागून रायवंता विचारते.

“डोंग्याचा.”

“हा कोनाचा?”

“जाळ्याचा.”

“थांब,” रायवंता म्हणते. “जाळ्याले काहून देतो आपुन?”

“हा का प्रश्न हाये, काकू? जाळं फाटते म्हनून देतो.”

“कोन्या ढिवरानं आजवर जाळ्याले म्हटलं का, की बावा, तू मोठा त्यागी, तुहा वाटा राहू दे?”

गोलातून कुणीतरी फिसकन हसतं. पुस्तकला हसत नाही. तिला कुठे नेऊन उभं केलं आहे ते तिला आता थोडं थोडं उमजू लागतं, आणि पायाखालचं गवत तिला नकोसं होतं.

“पुढं घे,” ती म्हणते.

“हा कोनाचा?”

“सोमलाबुढीचा.”

“हा?”

“तिच्या सुनेचा.”

“हा?”

“जो परगावी गेला, त्याच्या घरचा.”

नावं निघत जातात. जिचं नाव निघतं ती पदर पसरून येते, ढीग उचलते, टोल्याच्या वाटेनं चालू लागते. गोल विरळ होतो. दुधरामचं नावही ती घेते. दुधराम येतो, टोपलीत मासळी भरतो, पण घरी जात नाही, तिथेच थांबतो.

“हा कोनाचा?” रायवंता विचारते.

पुस्तकला तोंड उघडते. नाव उरलेलं नाही. ती टोला डोक्यातल्या डोक्यात घरागणिक फिरून येते, पहिल्या घरापासून नाल्याच्या कडेच्या झोपडीपर्यंत. सगळ्यांचं झालेलं आहे.

“तुहा,” ती म्हणते.

“मी मेली हाये. मेल्याले वाटा नाई. हा कोनाचा?”

“शाळेच्या मास्तरचा.”

“तो ढिवर हाये का? हा कोनाचा?”

“तलावाले परत सोडून दे.”

“मेली मासळी तलावात सोडते का कोनी, पुस्ता? सडते ते.”

पाण्यावरचा वारा थांबला आहे. वाटा घेऊन निघालेल्या बाया वाटेतच उभ्या राहिल्या आहेत, कारण रीत म्हणजे रीत. शेवटला ढीग पडून आहे तोवर कुणाच्या चुलीवर काही चढायचं नाही. कडेवरची पोरं चुळबुळ करू लागतात. सोमलाबुढीच्या पदरातून पाणी ठिबकतं आहे. कुणी पुस्तकलाला घाई करत नाही, आणि हेच तिला सहन होत नाही. आपण वाटा घेतला नाही म्हणजे टोल्याचं भलं झालं, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं आहे. आता तिच्या न घेण्यापायी अख्खा टोला उपाशी उभा आहे.

“लोक का म्हनतील?” ती हळूच विचारते.

“घरात दार लावून पाडला तर चोरी म्हनतील,” मागून रायवंताचा आवाज येतो, आता अगदी जवळून. “पाळीवर पाडला तर वाटाच म्हनतील. मले हे जितेपनी सुचलं नाई वं. मी जाळ्याचा वाटा पाडला, डोंग्याचा पाडला, साऱ्यायचा पाडला, अन् माहा कधी पाडलाच नाई. मले वाटे, न पाडनं म्हनजेच मोठेपन. मांग, पुस्ता. साऱ्यायदेखत मांग. हा कोनाचा?”

पुस्तकलाला रडू येतं. तिला जगायचं आहे. इतके महिने तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही, दुधरामलासुद्धा नाही. मोटरसायकलचा आवाज आला की तिची भीतीनं गाळण उडते, आणि तरी ती ताठ मानेनं चालते, कारण म्होरकीनं भ्यायचं नसतं असं तिला कुणी न सांगताच ठाऊक झालं आहे. तिला तलाव हवा आहे. तलाव आपल्या हाती आल्यावर त्यात उतरायला दोन धड पायही हवे आहेत. मेल्यावर मिळालेले नकोत.

“माहा,” ती म्हणते. मग पुन्हा म्हणते, मोठ्यानं. “माहा हाये तो.”

टोला सुटका झाल्यासारखा हलतो. बाया चालू लागतात. कुणी टाळी वाजवत नाही. वाट्याला कोण टाळ्या वाजवणार?

ती वळते, तर ढीग नाही. तीन दगडांची चूल आहे, चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, आहे, गंजात मासळीचा रस्सा रटरटतो आहे. रायवंता जर्मनच्या ताटात भाताची रास ओतते, वर रस्सा, वर रोहूचा जाड तुकडा. ताट तिच्यापुढे सरकवते.

“खा.”

पुस्तकलाचा हात मध्येच थांबतो. मेलेल्याच्या हातचं स्वप्नात खाऊ नये, खाल्लं तर ते माणूस आपल्याला घेऊन जातं, असं टोल्यातली शेंबडी पोरंही सांगतात. तिला हे स्वप्न आहे हेही आता अर्धवट कळतं आहे. दूर कुठेतरी दुधराम खोकतो आहे.

रायवंता ओळखते. “न्यायले आली असती तर अंगठा कायले ओढला असता? हात धरून घेऊन गेली असती. मी तुले ठेवाले आली. खा, अन् माह्यासमोर खा. मले पाहू दे कशी खातात आपला वाटा.”

पुस्तकला खाते. रस्सा तिखट आहे, वर जवसाची चव आहे, तिची आई घालायची तशी. ती घाईघाईनं खाते, बोटं चाटते, काटे बाजूला काढत काढत खाते. एखाद-दुसरा काटा हिरडीत टोचतो, तरी थांबत नाही. रायवंता गुडघ्यावर हनुवटी टेकवून बघत बसते. तिच्या चेहऱ्यावर समाधान आहे आणि थोडा हेवाही आहे, तो ती लपवत नाही.

“चांगलं झालं का?”

“मीठ कमी हाये.”

“तुले कधी पुरलंच नाई काही,” रायवंता म्हणते आणि हसते. मग उठून काष्टा घट्ट करते आणि चांगल्या पायांनी पाण्यात उतरते. गुडघाभर, कमरेभर. पुस्तकला हाक मारायला जाते, पण तोंडात घास आहे.

तिला जाग येते.

खाट घरात आहे. उन्हाचा तुकडा भिंतीवर चढून कौलांत निघून गेला आहे. अंग घामानं भिजलं आहे, ताप पार उतरला आहे. ती पडल्या पडल्या गिळते, आणि काहीतरी टोचतं. जीभ दाढांकडे जाते. मागच्या दोन दाढांच्या मध्ये काहीतरी अडकलं आहे. ती उठून बसते, नख घालून ते ओढून काढते आणि उजेडाकडे हात नेऊन बघते.

माशाचा काटा आहे. पांढरा, बारीक, थोडा वाकलेला. टोकाला तिखटाची लाली आहे.

दुधराम चहा घेऊन आत येतो. पेला बशीवर कलंडवतो, तिच्या तळहाताकडे बघतो.

“का हाये वं ते?”

“अजी, आपल्या घरी मासळी केव्हा शिजली होती?”

“ताप आल्यापासून तू नुसती पेज पिऊन राह्यली,” तो म्हणतो. “त्याच्या आंधी बी मासळी कुठची? तलाव आपला हाये का आता?” तो आणखी वाकून बघतो. खिशातला फोन वाजतो, तो बघतो, आणि तिच्याकडे न बघता म्हणतो, “ताई फाट्यावर आल्या. नाई म्हनूनच सांगू ना?”

गेल्या महिन्यापासून दुधराम दाराशी आडवा निजतो, उशाला कुऱ्हाड घेऊन. कशासाठी म्हणून तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आज ती त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघते. त्याचीही झोप गेली आहे हे तिच्या आजच लक्षात येतं.

“त्याईले घरी नोका आनू,” ती म्हणते. “पाळीवर घेऊन या म्हना. अन् साऱ्या टोल्याले हाक मारा. बाया, म्हातारे, पोरं, सारे.”

“पाळीवर? आता? काहून?”

“वाटा पाडाचा हाये. निधीचा पैसा येनार, तो साऱ्यायसमोर सांगाचा. दिवे कुठी लागतील, दरवाजा कोनाच्या घरी, सोबतीले कोन येईल, महिनाभर माहं काम कोन पाहील. ज्याले बोलाचं हाये त्यानं तिथंच बोलावं, माह्या तोंडावर. माह्यामागून जी येईल, तिचा बी वाटा आतापासून ठेवाचा.”

दुधराम उभाच राहतो. “अन् लोक म्हनतील...”

“म्हनू द्या.”

“वाटा कोनाचा सांगू त्याईले?”

“माहा,” ती म्हणते. जागेपणी हा शब्द स्वप्नापेक्षा जड जातो, पण निघतो. “माहा हाये म्हना. मले जगाचं हाये जी.”

दुधराम बशी खाली ठेवतो, बाहीनं डोळे पुसतो आणि फोनवर ताईंना पाळीची वाट सांगू लागतो. डावीकडं वळा, वडापाशी गाडी ठेवा, आमी येतोच. पुस्तकला काटा पदराच्या टोकाला बांधते आणि पाय खाली सोडते. दुधराम फोन ठेवतो, खाटेखाली वाकतो, आणि संसार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चपला उचलून तिच्या पायांपाशी ठेवतो. ती चपला घालते. मग दोघंही बरोबरच पाळीकडे निघतात.